शहाण्या फ्रेडरिकचें मौन

इतिहासांतील धडाडीच्या पुरुषांविषयीं मला आदर वाटतो. जवळीक मात्र वाटते ती विचार करीत थांबणाऱ्यांविषयीं. सॅक्सनीचा तिसरा फ्रेडरिक हा त्यांपैकीं एक. १४८६ सालीं तो गादीवर आला. सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या सात इलेक्टरांत त्याची गणना होई, आणि लोक त्याला 'शहाणा' म्हणत. १५०२ मध्यें त्यानें व्हिटेनबर्ग येथें विद्यापीठ स्थापिलें. तेथीलच एक अध्यापक मार्टिन लूथर यानें १५१७ सालीं पापक्षमापत्रांच्या विक्रीवर हल्ला चढविला, आणि पुढें पश्चिम युरोपांतील ख्रिस्ती समाज दुभंगला.

मौज अशी कीं, फ्रेडरिकची स्वतःची श्रद्धा जुन्या वळणाची होती. संतांचे अवशेष जमविण्याचा त्याला विलक्षण नाद. १५२० पर्यंत त्याच्या संग्रहाची संख्या १९,००० वर गेली होती. त्यांचें दर्शन घेणाऱ्या भाविकास पापांच्या शिक्षेंत सूट मिळे. म्हणजे लूथरचा घाव धन्याच्या देवघरावरच पडत होता!

तरीही त्यानें लूथरला रोमच्या स्वाधीन केलें नाहीं. जर्मन माणसाचा न्याय जर्मन भूमीवर व्हावा आणि त्याचें म्हणणें ऐकल्यावांचून त्यास दोषी ठरवूं नये, एवढाच त्याचा आग्रह. १५२१ सालीं वर्म्सच्या सभेंत लूथरनें माघार नाकारली. परततांना वाटेंत स्वारांनीं त्याला पळवून वार्टबर्गच्या किल्ल्यांत लपविलें. ही योजना फ्रेडरिकच्याच संमतीची. मात्र तिचा तपशील आपणांस कळूं नये अशी तजवीज त्यानें ठेविली होती. त्या एकांतांत लूथरनें नवा करार जर्मन भाषेंत आणला. या दोघांचें समोरासमोर संभाषण असें कधीं झालेंच नाहीं. निरोप जात ते स्पालाटिन या चिटणिसामार्फत.

यांत विद्यापीठाचा लौकिक आणि संस्थानाचे हक्क राखण्याची मुत्सद्देगिरी होती, हें खरें. परंतु निव्वळ मुत्सद्दी माणूस स्वतःस दोष देत नाहीं. १५२५ च्या शेतकऱ्यांच्या बंडांत इतर सरदार तलवारी परजीत होते, तेव्हां आम्हां राज्यकर्त्यांकडूनच गरिबांवर भार पडला आहे, असें या आजारी वृद्धानें भावास कळविलें. त्याच वर्षीं ५ मे रोजीं तो वारला. मृत्युशय्येवर त्यानें भाकरीबरोबर द्राक्षासवाचा प्यालाही घेतला. जुन्या परंपरेंत सामान्य भक्तांस तो मिळत नसे. आयुष्यभर न उच्चारलेला कौल त्यानें असा दिला.

त्याचें मौन भित्रेपणाचें होतें काय? मला तसें वाटत नाहीं. मतभेद झाला कीं आपण चटकन् बाजू घेतों. ज्याचें पटत नाहीं त्याचें पुरतें ऐकून घ्यावें, आणि तोंवर त्याच्या केसालाही धक्का लागूं देऊं नये, हें मधलें काम कोणास नकोसें वाटतें. त्यांत जयघोष नाहीं. परंतु तें करणारा एक माणूस नसता, तर लूथरच्या धैर्याचा शेवट बहुधा चितेवर झाला असता.