कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीतील पॅसिव्ह व्हॉइस

इंग्रजी वाक्याच्या उद्देश्यस्थानी क्रिया करणारा असेल तर त्या रचनेला ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’ म्हणतात, आणि क्रिया ज्याच्यावर घडते ते कर्म त्या स्थानी आले, तर ‘पॅसिव्ह व्हॉइस’. शाळेत या दोहोंची ओळख कर्तरी व कर्मणी प्रयोग अशी करून देण्याची रीत आहे. ही जोडी सोयीची वाटली तरी मराठी विद्यार्थ्याच्या गोंधळाचे मूळ तिच्यातच आहे.

मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्या प्रयोगविचाराची सविस्तर चर्चा केली, त्यात मुख्य प्रश्न क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते हा असतो. ‘विणकराने चादर विणली’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, कारण चादरीऐवजी टॉवेल असता तर ‘विणला’ असे रूप झाले असते. म्हणून हा कर्मणी प्रयोग. तथापि विधान विणकराविषयीचेच राहते, आणि इंग्रजीत त्याचे रूपांतर ‘द वीव्हर वोव्ह द चादर’ असे ॲक्टिव्हमध्येच करावे लागते. ‘तू चादर विणलीस’ या वाक्यात तर ‘ली’ कर्माचे लिंग दाखवते आणि शेवटचा ‘स’ कर्त्याचा पुरुष. इंग्रजी पॅसिव्हला जवळची मराठी रचना वेगळीच आहे: ‘सोलापुरात चादरी विणल्या जातात’, किंवा कर्ता सांगायचाच असेल तर ‘विणकराकडून चादर विणली गेली’. या दुसऱ्या रचनेला व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ म्हणतात.

सोलापुरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण येथील अनेक घरांत कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते आणि त्या भाषांत भूतकाळातही क्रियापद सामान्यतः कर्त्यालाच अनुसरते. अशा घरातील मुलाला मराठीचा ‘ने’ हाच मुळात नव्याने शिकावा लागतो. त्याच्या आधारे इंग्रजी पॅसिव्ह समजावणे म्हणजे एका अडचणीवर दुसरी रचणे होय.

पॅसिव्हचे खरे मर्म कर्त्याला मागे ठेवण्याच्या किंवा वगळण्याच्या मुभेत आहे. सोलापुरातील १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ‘यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली’, असे लिहिले की लक्ष त्या चार हुतात्म्यांवर स्थिरावते, पण फाशी देणारा वाक्याबाहेर राहतो. ‘ब्रिटिश सरकारने फाशी दिली’ असे लिहिले की जबाबदारीही नोंदली जाते. दोन्ही वाक्ये शुद्ध आणि सत्य आहेत. लेखकाला काय पुढे आणायचे आहे, यावर त्यांतील निवड अवलंबून असते.

म्हणूनच वर्गात वाक्ये उलटवण्याचे तक्ते घोकून घेण्याआधी, क्रिया कोणी केली आणि ते वाचकाला सांगणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर देता येणाऱ्या विद्यार्थ्याला सहायक क्रियापदाची रूपे सरावाने आत्मसात होतात, आणि इंग्रजी असो वा मराठी, छापील वाक्यातून कोणाचे नाव गाळले गेले आहे, हेही त्याच्या ध्यानात येऊ लागते.