यादीत नाव नाही

‘कोरोना योद्धा’ असं छापलेलं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. ते बघितलं की अजून डोकं फिरतं.

महाभारत अठरा दिवसांत जिंकलं, हे युद्ध एकवीस दिवसांचं, असं पंतप्रधान २५ मार्च २०२० ला म्हणाले. आम्ही धावड्याच्या अंगणवाडी सेविका त्या युद्धाला घरी शिवलेला मास्क आणि एक वही घेऊन निघालो. ताप कुणाला, खोकला कुणाला, बाहेरून कोण आलं, हे दारोदार विचारायचं. मानधन तेव्हा आठ-साडेआठ हजार. अंगणवाडी बंद, म्हणून गरम आहाराऐवजी गहू, मसूर डाळ, हरभरा, हळद-मिरची घरपोच. कच्ची डाळ घरात गेली की ती सगळ्या घराची होते, लेकराची राहत नाही. हे वरच्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

मे महिन्यात एक कुटुंब पुण्याहून आलं, बांधकामाच्या साइटवरचं. काही वाट पायी, काही टेम्पोत. आधी शाळेत ठेवलं, मग शेतातल्या खोपटात. पोरगी दोन वर्षांची. दंडाला पट्टी लावली तर थेट लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण.

वर, पर्यवेक्षिका मॅडमना फोन केला. “नाव कुठल्या अंगणवाडीत आहे?”

आई म्हणाली, “साइटवर कुणी बाई आलीच नाही कधी.”

“मग आधार?” लेकराचं नव्हतं. “तिकडून नाव नसल्याचा दाखला आणायला सांगा. ऑडिटला कोण उत्तर देणार?”

दाखला पुण्याहून आणायचा! एसटी बंद, रेल्वे बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस. ग्रामपंचायतीत गेले, तर विलगीकरणाच्या यादीत त्या पोरीचं नाव स्पष्ट लिहिलेलं. वय दोन, आईचं नाव, आल्याची तारीख, खाली सही-शिक्का. कोंडायला नाव होतं, खायला घालायला नव्हतं. मी त्या यादीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तरात अंगठा आला. नुसता अंगठा. त्याचा अर्थ हो धरायचा की ‘बघितलं’ एवढाच, हे विचारायला पुन्हा फोन केला तर मॅडम मीटिंगमध्ये.

दोन घरं परगावी अडकली होती, त्यांचा शिधा माझ्याकडे पडून होता. तो मी दिला आणि वहीत तसंच लिहिलं. पुढं ‘खुलासा सादर करा’ म्हणून कागद आला. खुलाशाला मी तीच यादी जोडली. त्यावर कुणी काही बोललं नाही.

मॅडमचा राग करावा, तर तिच्याकडेही पंचवीसेक अंगणवाड्या आणि वरून रोज नवा तक्ता. पण अंगठा मी विसरत नाही.

ज्याच्या हातात धोरण आहे त्यानं एवढंच करावं : लेकरू जाईल तिथं त्याचं नाव जावं, दाखल्यासाठी आईला फिरवू नये. पोषण ट्रॅकर हे लेकरांच्या नोंदीचं सरकारी ॲप आलं तेव्हा आम्ही शिव्याच घातल्या. ॲप इंग्रजीत, सरकारनं दिलेले फोन तापणारे; २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन कार्यालयांत परत नेऊन दिले, मीही दिला. आता त्याच ॲपमध्ये स्थलांतरित लेकराचं नाव दुसऱ्या अंगणवाडीत घेता येतं. गेल्या हंगामात ऊसतोडीहून आलेल्या एका पोराचं मी घेतलं. चालतं, खोटं कशाला बोलू.

ती पोरगी पिवळ्या पट्ट्यात आली होती. दिवाळीआधी ते परत पुण्याला गेले. प्रमाणपत्र मी टाकून दिलेलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सेवापुस्तकाच्या कागदांत ठेवलंय. उद्या ग्रॅच्युइटीच्या वेळी लागलं तर?