पिन बसते, चित्र येत नाही

प्लेस्टेशन २ हा सोनीचा गेम कन्सोल मार्च २००० मध्ये जपानमध्ये विक्रीला आला आणि २०१३ च्या जानेवारीत त्याचे उत्पादन थांबले. पंधरा कोटींहून अधिक नग विकले गेलेला हा कन्सोल अजून कितीतरी घरांत चालू स्थितीत आहे. ज्या टीव्हीसाठी तो घडवला होता, तो पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र केव्हाच भंगारात गेला. हाताशी उरतो तो संगणकाचा मॉनिटर. मग एका टोकाला कन्सोलची आणि दुसऱ्या टोकाला मॉनिटरची पिन असलेल्या केबलचा शोध सुरू होतो आणि पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते. अडचण पिनेची नसते, सिग्नलची असते.

पाल पद्धतीचा प्लेस्टेशन २ सेकंदाला ५० अर्धी चित्रे पाठवतो: एकदा विषम क्रमांकाच्या रेषा, एकदा सम क्रमांकाच्या. दर सेकंदाला १५,६२५ रेषा होतात. अमेरिका आणि जपानच्या एनटीएससी पद्धतीत अर्धी चित्रे जवळजवळ ६० आणि रेषा सुमारे १५,७३४. या दोन्हींना या कामातले लोक सरसकट ‘पंधरा किलोहर्ट्झ’ म्हणतात. संगणकाचे व्हीजीए चित्र ३१.५ किलोहर्ट्झपासून सुरू होते आणि त्यात सगळ्या रेषा एकाच फेरीत येतात. मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत आडव्या वारंवारतेचा पल्ला दिलेला असतो. ३० ते ८३ किलोहर्ट्झ असे काहीतरी. पंधराचा सिग्नल आला की असा मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ दाखवतो, नाहीतर काळाच राहतो. पंधरा किलोहर्ट्झ घेणारे मॉनिटर आहेत, पण तुरळक. जुन्या पिक्चर ट्यूबच्या व्हीजीए मॉनिटरला पंधराचा सिग्नल बळेच देऊ नये. त्यातले काही त्याने बिघडतात.

एका बाजूला तीन रंगीत आरसीए पिना आणि दुसऱ्या बाजूला पंधरा पिनांचा व्हीजीए जॅक अशी केबल बाजारात सर्रास मिळते. तिच्या आत नुसत्या तारा असतात. सिग्नल जसा आत जातो तसाच बाहेर पडतो. ती चालते काही प्रोजेक्टरांना, जे व्हीजीएच्या तोंडातूनच कंपोनंट सिग्नल घेऊ शकतात. मॉनिटरसाठी ती घेणे म्हणजे पैसे टाकणे.

बेताच्या खर्चात काम करायचे तर पहिला रुपया कन्सोलमधून निघणाऱ्या केबलवर घालावा, सिग्नल बदलणाऱ्या डबीवर नंतर. कन्सोलबरोबर येणारी पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची केबल कंपोझिट असते: उजेडाची आणि रंगाची माहिती पिवळ्या पिनेच्या एकाच तारेतून जाते. एकदा एकत्र झालेल्या या दोन गोष्टी पुढे पूर्ण वेगळ्या होत नाहीत. बारीक अक्षरांच्या कडांवर इंद्रधनुष्यी रंग चढतात, लाल भाग पसरतो. पुढची डबी कितीही महाग असली, तरी गेलेला तपशील ती परत आणू शकत नाही. एस-व्हिडिओ केबलमध्ये उजेड आणि रंग दोन वेगळ्या तारांतून येतात. तेवढ्यानेही चित्र स्वच्छ होते. कंपोनंट केबलमध्ये हिरवी, निळी आणि लाल अशा तीन पिना चित्राच्या, शिवाय पांढरी आणि लाल अशा दोन आवाजाच्या. लाल पिना दोन असल्याने त्यांची अदलाबदल नेहमीची. ही केबल वापरताना कन्सोलच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउटची निवड आरजीबीवर असेल तर ती बदलून वायसीबीसीआरची करावी लागते, नाहीतर चित्राचे रंगच विचित्र होतात. चित्र अजिबात दिसत नसल्याने निवड बदलता येत नसेल, तर हिरवी पिन कुठल्याही टीव्हीच्या पिवळ्या तोंडात लावावी. काळेपांढरे का होईना, चित्र उमटते आणि मेनूपर्यंत पोचता येते. कन्सोलमधून चित्र निघते आहे की नाही हे तपासायलाही ही युक्ती पुरते.

सर्वांत स्वस्त डबी एव्ही टू एचडीएमआय, साधारण पाचशे रुपयांच्या आसपासची. हिची जुळी बहीण, एचडीएमआय टू एव्ही, दिसायला हुबेहूब तशीच असते आणि नेमके उलटे काम करते. चुकून तीच घरी आणणारे थोडेथोडके नाहीत. डबीवर १०८०पी छापलेले असते, त्याला भुलू नये. आत येतो कंपोझिट सिग्नल, तोच ताणून मोठा केला जातो. तिचा गुण एवढाच की जवळपास कोणताही एचडीएमआय मॉनिटर तिचे चित्र घेतो. प्लेस्टेशन १ चे जुने खेळ मात्र तिच्यावर बिघडतात. त्यांचे चित्र अर्ध्या चित्रांचे नसून कमी रेषांचे, पण अखंड असते. डबी त्याला अर्धे समजून पुढच्या-मागच्या चौकटी एकात एक विणते. मार बसल्यावर लुकलुकणारे पात्र मग लुकलुकण्याऐवजी एक तर अर्धवट दिसते, नाहीतर दिसेनासेच होते.

कन्सोलच्या मागच्या एव्ही तोंडातच बसणारी, अंगठ्याएवढी पीएस२ टू एचडीएमआय डबी कंपोनंट सिग्नल उचलते. त्यामुळे तिचे चित्र बरेच चांगले असते. तिला लागणारी वीज कन्सोलच्या पुढच्या यूएसबी तोंडातून मिळते. पण ती रेषांची संख्या बदलत नाही. आलेला सिग्नल फक्त डिजिटल करून पुढे ढकलते. टीव्ही तो आनंदाने घेतो, संगणकाचे कित्येक मॉनिटर घेत नाहीत. विकत घेण्याआधी मॉनिटरच्या पुस्तिकेत ४८०आय आणि ५७६आय (एनटीएससी आणि पालची अर्धी चित्रे) यांचा उल्लेख आहे का ते पाहावे. खेळ ४८०पी, म्हणजे सगळ्या रेषा एकाच फेरीत, देत असेल तर प्रश्न सुटतो. काही खेळ सुरू होताना त्रिकोण आणि फुली ही दोन बटणे दाबून धरली की ही निवड पुढे येते, काहींच्या मेनूत ती असते. पाल आवृत्त्यांतून मात्र ही सोय अनेकदा वगळलेली आढळते.

आपल्याकडे एक चांगली वस्तू अडगळीत पडलेली सापडते: मॉनिटरला जोडायचा टीव्ही ट्यूनर बॉक्स. एकाच पडद्यावर संगणक आणि केबल टीव्ही दोन्ही पाहता यावेत म्हणून घेतलेला हा खोका मुंबईत ऑक्टोबर २०१२ च्या आणि पुणे, नाशिक, नागपुरात मार्च २०१३ च्या अखेरीस ठरलेल्या केबलच्या डिजिटलीकरणाने निकामी ठरला. निकामी झाला तो ट्यूनरचा भाग. बाजूची एव्ही आणि बहुधा एस-व्हिडिओची तोंडे, आतला रेषा बदलणारा चिप आणि व्हीजीए आउट हे सारे चालूच असते. एस-व्हिडिओ केबल, हा खोका आणि सतरा इंची चौकोनी मॉनिटर अशी जोडणी नव्या स्वस्त डबीपेक्षा उजवी ठरते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे जुन्या मालात असा खोका शोधून पाहण्यासारखा आहे. मॉनिटरचा मूळ बोर्डच गेलेला असेल तर दुरुस्तीवाले त्यात ‘युनिव्हर्सल बोर्ड’ बसवून देतात. त्याला एव्हीचे तोंड असते, म्हणजे मॉनिटरचाच टीव्ही होतो. पॅनेलच्या रेझोल्यूशनप्रमाणे त्याचा जंपर किंवा सॉफ्टवेअर निवडावे लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

हाताने काम करण्याची आवड असलेल्यांसाठी जीबीएस-८२०० हा उघडा बोर्ड आहे. तो कंपोनंट आणि आरजीबी घेतो, व्हीजीए देतो. मुळात तो आर्केड यंत्रांच्या दुरुस्तीसाठी वापरला जाई. त्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर सामान्य आहे. पण ईएसपी८२६६ हा स्वस्त वायफाय बोर्ड चार-पाच तारांनी जोडून जीबीएस-कंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर चढवले की तो कायापालट झाल्यासारखा वागतो. अखंड चित्र आणि अर्धे चित्र यांतला फरक त्याला कळू लागतो. सोल्डरिंग येत असेल तर खर्चाच्या मानाने याच्याइतके देणारे दुसरे काही नाही. ओएसएससीसारखी खास उपकरणे याहून चांगली आहेत, पण त्यांचा विचार बेताच्या खर्चात बसत नाही. यूएसबी कॅप्चर कार्ड लावून संगणकाच्या खिडकीत खेळ पाहता येतो. रेकॉर्डिंगला ठीक, खेळायला नाही.

नाही, कारण उशीर. ६० हर्ट्झला एक चौकट सुमारे १७ मिलिसेकंदांची. रेषा जुळवण्यासाठी काही चौकटी अडवून ठेवणारे उपकरण बटण आणि उडी यांच्यात जाणवेल असे अंतर पाडते. भूमिकाप्रधान खेळांत ते खपते. मारामारीच्या आणि तालावरच्या खेळांत खेळणे अशक्य होते. उशीर मोजायला महाग यंत्र नको. कंपोझिट सिग्नल वाय पिनेने दोन भागांत फोडून एक पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला आणि एक डबीला द्यावा आणि दोन्ही पडद्यांचे मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करावे. धूसर पण तत्पर चित्र हे धारदार पण उशिराने येणाऱ्या चित्रापेक्षा खेळणाऱ्याच्या जास्त कामाचे, हे दुकानात डेमो पाहून लक्षात येत नाही.

पालच्या ५० हर्ट्झचा प्रश्न वेगळाच. मॉनिटर बहुधा ६० वरच चालतो, त्यामुळे डबी दर पाचातली एक चौकट दोनदा दाखवते. सेकंदाला दहा हिसके बसतात आणि शर्यतीच्या खेळात रस्ता अडखळत पळतो. अनेक पाल खेळ सुरुवातीलाच ५० की ६० असे विचारतात, ६० निवडावे. कंपोझिटवर त्यानंतर रंग उडाला, तर तो डबीचा दोष. कंपोनंटवर तसे होत नाही.

चित्राची मूळ ठेवण ४:३ ची आहे. स्वस्त डबी ते १६:९ करून पसरवते, म्हणून मॉनिटरच्या मेनूतून ४:३ निवडावे. जुन्या चौकोनी मॉनिटरवर हा फरक जवळजवळ उरत नाही. आवाजासाठी डबीवर विसंबू नये: पांढरी-लाल जोडी साडेतीन मिलिमीटरच्या जोडपिनेने सरळ संगणकाच्या स्पीकरला द्यावी. डबी मोबाइलच्या हलक्या चार्जरवर चालवल्याने स्पीकरमध्ये गुणगुण येत असेल, तर आधी चार्जर बदलून पाहावा.

बंदुकीने नेम धरायचे खेळ, उदाहरणार्थ गनकॉन या बंदुकीवरचा ‘टाइम क्रायसिस’, यांपैकी कोणत्याच मार्गाने मॉनिटरवर चालत नाहीत. ती बंदूक पिक्चर ट्यूबवर रेषेमागून रेष सरकणारा उजेडाचा ठिपका टिपून नेम ओळखते आणि एलसीडीवर असा ठिपका नसतो. त्या खेळांसाठी जुना टीव्हीच शोधावा लागतो.