काँट्राचा धबधबा, पारोळ्याचा किल्ला

व्हिडिओ गेमबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात: पोरं बिघडतात आणि डोळे जातात. सिनेमावर चहाच्या टपरीवर तास तास वाद घालणारी माणसंसुद्धा गेमचा विषय निघाला की तेवढ्यावर थांबतात. मला गेमवरही सिनेमासारखंच बोलावंसं वाटतं, आवडनिवड सांगत, भांडत.

तर माझं पहिलं मत असं, की 'काँट्रा'च्या तोडीचा दोघांचा खेळ पुन्हा झाला नाही. जपानच्या कोनामी कंपनीने तो टीव्हीला जोडायच्या यंत्रावर १९८८ मध्ये आणला. आमच्याकडे तो आला नव्वदच्या दशकात, नकली यंत्रांवर, शेकडो खेळ असल्याचं छापलेल्या कॅसेटमधून. कॅसेट चालेना की काढून फुंकायची, पुन्हा खोचायची. हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण गल्लीतल्या प्रत्येकाला येत होतं.

त्या खेळाची तिसरी स्टेज म्हणजे धबधबा. तिथे पडदा फक्त वर सरकतो. एक गडी भराभर उड्या मारत वर गेला की पडदा त्याच्याबरोबर जातो आणि खाली राहिलेल्या दुसऱ्याचा जीव जातो. गोळी नाही, शत्रू नाही. नुसतं मागे पडल्याने मरण. म्हणून खोलीत आरडाओरडा व्हायचा, "थांब ना भो, माले येऊ दे!" पुढे जायची खुमखुमी असताना कठड्यावर उभं राहून जोडीदाराची वाट पाहायची, वरून गोळ्या येत असल्या तरी. बंदुकांच्या खेळात इतकी माणुसकी कुणी मुद्दाम घातली होती की तांत्रिक अडचणीतून ती आली, याने मला फरक पडत नाही. दहा वर्षांच्या पोरांना ती कळत होती.

याचा अर्थ जुनं तेवढं सोनं, असा नाही. पबजीत शंभर जण एका बेटावर उतरतात, वर्तुळ आकसत जातं, आणि गवतात आडवं पडून पावलांचा आवाज ऐकताना छाती धडधडते. तसा ताण फार थोड्या सिनेमांना साधलाय. जखमी होऊन कोसळलेल्या साथीदाराला उठवायला कुणीतरी उघड्यावर धावत येतं, तेव्हा मला धबधबाच आठवतो. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी घातली, तेव्हा पोरांचा नुसता टाइमपास गेला नाही, भेटायची जागा गेली. जे गेलंय ते मात्र खरंच गेलंय: मागे बसून चुका सांगणारी, आपला नंबर कधी लागेल म्हणून रेटारेटी करणारी गर्दी. कानात इअरफोन आल्यावर तिला जागा उरली नाही.

आमच्या खानदेशाला पडद्याची हौस किती आहे, हे धुळ्यापलीकडच्या मालेगावने जगाला दाखवलंय. नासिर शेख यांनी तिथे 'मालेगाव के शोले' केला, मग 'मालेगाव का सुपरमॅन' केला. त्यातला सुपरमॅन यंत्रमागावर काम करणारा शफीक होता, अंगाने अगदी काटकुळा. त्यांच्या धडपडीवरचा माहितीपट जगभर पाहिला गेला. 'हाई झुमका वाली पोर'सारखी अहिराणी गाणी तर अहिराणीचा शब्द न कळणाऱ्या गावांच्या वरातींतही वाजतात. कुणाची परवानगी न मागता, हाताशी असेल त्या कॅमेऱ्यावर आपलं काहीतरी करून दाखवायचं, हा या मातीचा स्वभाव आहे. मग गेम का नाही?

अडचण कौशल्याची नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणला. सर्कशीत वाढलेली मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, राजस्थानी वाडे, पहाडी चित्रशैलीचे रंग. तो पाहताना मला सतत वाटत होतं, आपल्याकडे तर किल्लाच तयार आहे. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याचा भुईकोट जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला असं सांगतात. भोवती खंदक, दारापुढे उचलता येणारा पूल, बुरूज. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ल्याची मोडतोड केली. जे दगडात पडलं ते पडद्यावर पुन्हा उभं करता येतं. खेळाची रीतही इथेच आहे. आपल्याकडच्या रथोत्सवात चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, सारून एवढा मोठा रथ अरुंद गल्लीत वळवतात, थांबवतात. एकाने मोगरी लावायची, दुसऱ्याने दोर ओढायचा, आणि दोघांची वेळ जुळली नाही तर रथ भिंतीवर. याहून चांगली दोघांची स्टेज मला सुचत नाही.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरापोरींनो, अख्खा गेम नको, एवढी एक स्टेज करा. साध्या मोबाइलवर चालेल अशी करा, आणि तिच्यातल्या माणसांना अहिराणी बोलू द्या.