दुरून काढलेला बार

जुन्या शिकाऱ्यांच्या बैठकीत बसण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. कथेतले जनावर दर खेपेस तेवढेच राहते. अंतर मात्र वाढत जाते. पहिल्यांदा ऐकतो तेव्हा काळवीट दीडशे वारांवर उभे असते. पुढच्या दिवाळीत ते अडीचशे वारांवर गेलेले असते, आणि सांगणाऱ्याचे केस पुरते पांढरे होईपर्यंत ते नाल्यापलीकडच्या टेकडीवर जाऊन पोचते. ऐकणारे माना डोलावतात. या अतिशयोक्तीला कोणी पाप मानत नाही, आणि मीही मानत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात अशा बैठका अजून कुठेकुठे भरतात. आमच्या जिल्ह्याचे लोक स्वतःची ओळख ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशी करून देतात. वर बुलढाणा, चिखली, मेहकर. खाली खामगाव, शेगाव, मलकापूर. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार आणि त्या उतारावर 1997 साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले ज्ञानगंगेचे जंगल. उत्तरेस, जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुडा उभा. रान आणि वावर यांची अशी गाठ असल्यावर घरोघरी बंदुकीच्या गोष्टी असणे साहजिकच होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो काळ संपवला. त्यामुळे स्वतःच्या हाताने चाप ओढलेले सांगणारे आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि दरवर्षी एकदोन कमी होत चालले आहेत.

या विषयावर एका धर्मगुरूने लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. ख्रिस्तसभेने आम्हां मंडळींना शिकारीपासून फार पूर्वीच दूर ठेवले. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना शिकार आणि पक्षी धरणे या दोहोंची मनाई केली. 1917 च्या धर्मविधिसंहितेत त्या मनाईचे 138 वे कलम होते, आणि गाजावाजा करून केली जाणारी शिकार तर कधीच नको, असे त्यात वेगळे बजावले होते. 1983 च्या नव्या संहितेत शिकारीचा निराळा उल्लेख उरला नाही. सेमिनरीत आमच्या वर्गाला याची गंमत वाटली होती. तेव्हा या विषयातला माझा अधिकार केवळ ऐकणाऱ्याचा आहे. ऐकण्याचे काम मात्र मी बरीच वर्षे करीत आलो आहे.

लांबचा बार म्हणजे नेमके काय, हे मला एका निवृत्त फौजी गृहस्थांनी कागदावर रेघा ओढून समजावले. त्या काळच्या सर्वसाधारण रायफलीची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे सातशे मीटर वेगाने सुटते. ऐकायला हा वेग अफाट वाटतो. पण सुटल्या क्षणापासून ती पडू लागते. शंभर मीटरला नेम बसवलेली रायफल तीनशे मीटरवर रोखली, तर गोळी हात-दीड हात खाली जाते. आडवा वारा तिला वीतभर बाजूला नेतो. काळविटाचे काळीज आणि फुप्फुसे यांची जागा पाहू गेल्यास तीही वीतभरच. शिवाय तीनशे मीटर जायला गोळीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. उभे असलेले जनावर तेवढ्यात एक पाऊल टाकते, आणि फुप्फुसावर धरलेला नेम पोटात बसतो. धावते काळवीट तर तेवढ्या वेळात दहा मीटर पुढे गेलेले असते. गोळी लागल्याचा ‘थप्प’ असा आवाज परत कानी यायला आणखी सेकंदभर जातो. “त्या सेकंदात शिकाऱ्याला आपण कोण आहोत ते कळतं,” असे ते गृहस्थ म्हणाले आणि कागद चुरगाळून खिशात घातला.

पोटात गोळी बसलेले जनावर लगेच पडत नाही, हे मला त्याच दिवशी कळले. ते पाठीची कमान करते, कळपाच्या मागे राहते, आणि दिसेनासे होते. मरायला त्याला कित्येक तास लागतात.

घाटाखालच्या एका गावात मला एक वृद्ध भेटले, जे अशा बैठकीत कधी बोलत नसत. इतर जण अंतरे वाढवीत असताना ते सुपारी कातरीत बसत. एकदा ओसरीवर आम्ही दोघेच होतो, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितले. गोष्ट साठच्या दशकातली. ज्वारी काढून झालेले मोकळे शिवार, दिवस मावळतीला आलेला, आणि दूर धुऱ्याशी एक काळवीट. सोबतच्या पाहुण्यांनी पैज लावली. यांनी बार काढला. आवाज परत आला, काळविटाने पाठ वाकवली आणि ते पळाट्यांत शिरले. पाहुण्यांनी पाठ थोपटली. अंधार पडत होता, घरी जेवणे खोळंबली होती. कोणी तिकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या शिवारावर गिधाडे घिरट्या घालू लागली (तेव्हा आमच्याकडे गिधाडे होती), त्यावरून यांना जागा कळली. त्यानंतर त्यांनी बंदूक विकली नाही, जाळली नाही, कसलीही शपथ घेतली नाही. पण तीस-चाळीस पावलांपलीकडे पुन्हा कधी नेम धरला नाही. का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “गोयी तीनशे वार गेली, फादर. मी मातर गेलो नाही.” आमच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ते वाक्य मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे.

त्या रात्री मी लेवीय ग्रंथाचा सतरावा अध्याय काढून वाचला. सेमिनरीत हा ग्रंथ आम्ही घाईने उरकला होता. यज्ञांचे आणि शुद्धाशुद्धाचे नियम तरुण मनाला रुक्ष वाटतात. तेराव्या ओवीत शिकाऱ्यासाठी एक नियम दिला आहे. कोणी खाण्याजोगे जनावर वा पक्षी पारध करून मारला, तर त्याने त्याचे रक्त ओतून द्यावे आणि ते मातीने झाकावे. रक्तात जीव आहे, आणि जीव परमेश्वराचा आहे, हे त्यामागचे कारण. भाष्यकार या कारणावर पुष्कळ लिहितात. माझे लक्ष मात्र त्या मातीकडे गेले. रक्त मातीने झाकायचे तर जनावर जिथे पडले तिथवर जावे लागते, वाकावे लागते, हात मळवावे लागतात. मोशेच्या काळी धनुष्य होते, आणि बाण किती दूर जातो हे इस्राएल लोकांना ठाऊक होते. नियमाने अंतराची मर्यादा घातली नाही. शेवटी माणसाने कुठे उभे असावे, तेवढे सांगितले.

जे पाहायला कोणी गेले नाही त्याचे पुढे काय होते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण कुमाऊँच्या डोंगरातले आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेटने 1907 साली मारली. तिने आधी नेपाळात आणि मग कुमाऊँत मिळून 436 माणसे मारली, असा आकडा दिला जातो. मेलेल्या वाघिणीचे तोंड कॉर्बेटने उघडून पाहिले, तेव्हा उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला आणि खालचा मुळापर्यंत गेलेला आढळला. ती जुनी बंदुकीची जखम होती. सुळे गेल्यामुळे तिला नेहमीचे भक्ष्य मारता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असे त्याने आपल्या 1944 च्या पुस्तकात लिहिले आहे. तो बार कोणी काढला हे कोणालाच ठाऊक नाही. त्या माणसाने घरी जाऊन काय सांगितले असेल? बहुधा हेच, की वाघीण होती, लागली, पळाली. पुढे गवत कापायला गेलेल्या बाया आणि जळण आणायला गेलेल्या मुली वर्षानुवर्षे मरत राहिल्या, आणि आपल्या त्या संध्याकाळशी त्यांचा काही संबंध आहे हे त्याच्या कानी कधी आले नसावे. जखमी जनावराचा माग काढल्यावाचून परतू नये हा जुन्या शिकाऱ्यांचा कडक दंडक होता. तो केवळ शौर्याचा नव्हता, हे चंपावतवरून समजते.

आमच्या भागातले खरे जवळून शिकार करणारे म्हणजे फासेपारधी. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने ते काळविटाच्या कळपापर्यंत जात आणि फास मांडत. इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्यान्वये कित्येक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. पारध्यांच्या कपाळीही तो शिक्का आला, आणि कागदावरून तो पुसायला 1952 साल उजाडले. साहेब मचाणावरून मारी तेव्हा तो खेळ होता, पारधी पोटासाठी फास लावी तेव्हा तो गुन्हा होता. म्हणून फास दयाळू होता असे मात्र मी म्हणणार नाही. फासात अडकलेल्या जनावराची तडफड पारधी स्वतःच्या डोळ्यांनी पाही, एवढाच फरक.

अंतराचा मोह मात्र गेलेला नाही. अमेरिकेत आता दुर्बिणी आणि गणकयंत्रे लावलेल्या रायफलींनी पाचशे, आठशे मीटरवरून हरणे मारणारे आहेत. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 साली ज्याच्या स्थापनेत पुढाकार घेतला, त्या बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्याच क्लबने या प्रकारावर नापसंती जाहीर केली आहे. जनावराला माणसाची चाहूलच लागू शकत नसेल, तर ती शिकार उरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. शिकारीचा पुरस्कार करणाऱ्यांनी हे म्हणावे याचे मला कौतुक वाटले.

आपल्याकडे हा प्रश्न आता हरणांच्या शिंगांचा राहिलेला नाही. तो हरभऱ्याचा आणि तुरीचा आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर उकरून टाकतो. रोही कुंपणावरून उडी घेतात. राज्य शासनाने 2015 साली पिकांची नासाडी करणाऱ्या रोह्यांना आणि रानडुकरांना रीतसर परवान्याने मारण्याची वाट मोकळी केली. पण परवाना, बंदूक आणि नेमबाज हे तिन्ही एका रात्री एका वावरात क्वचितच येतात. मग शेतकरी तार लावतो. खांबावरच्या वाहिनीवर आकडा टाकायचा, उघडी तार धुऱ्याभोवती फिरवायची, आणि घरी येऊन झोपायचे. डुक्कर मरते. कधी शेजाऱ्याची गाय मरते. कधी पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीच मरतो. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी अशा बातम्या येतात. टिपेश्वरच्या जंगलातून 2019 साली निघालेला तो तरुण वाघ, ज्याला लोकांनी ‘वॉकर’ म्हटले, तो वावरांमधून आणि अशा तारांमधून शेकडो कोस चालत वर्षअखेरीस आमच्या ज्ञानगंगेत सुखरूप पोचला, याला मी तरी देवाची कृपा म्हणतो.

मला विचाराल तर ही तार म्हणजे सर्वांत लांबचा बार आहे. रायफलवाला निदान जनावर पाहून चाप ओढतो. इथे मारणारा झोपलेला असतो, आणि कोणाला मारले ते त्याला उजाडल्यावर कळते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातला एक तरुण शेतकरी थांबला आणि तार लावणे पाप आहे का, असे त्याने थेट विचारले. ख्रिस्तसभेची शिकवण मी त्याला सांगितली. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे न्याय्य आहे. त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. पीक राखणे हे विनाकारण नव्हे, हेही मी मान्य केले. पण तारेला डुक्कर आणि माणूस यांतला भेद कळत नाही, आणि तू तिथे नसतोस, असे म्हणालो. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “फादर, एक रात्र वावरात या न तुमी.”

मी गेलो. माळ्यावर दोन घोंगड्या, एक बॅटरी, एक तेलाचा रिकामा डबा. थंडी अशी, की जपमाळेचे मणी बोटांना लागेनात. दोनच्या सुमारास खालून फुसफुस ऐकू आली. त्याने बॅटरी टाकली, डबा बडवला. काळ्या पाठी पलीकडच्या धुऱ्याआड गेल्या. तासाभराने त्या दुसऱ्या बाजूने आल्या. तो खाली उतरून आरडाओरडा करीत त्यांच्या मागे धावला, आणि मी वरून डबा बडवीत राहिलो. चारपर्यंत असे तीनदा झाले.

उजाडल्यावर आम्ही धुऱ्यावरून चालत नुकसान मोजले. हरभऱ्याच्या अकरा ओळी गेल्या होत्या. सौर झटका यंत्रासाठी त्याने अर्ज केला आहे; ते आले तर बरे. ती तार तूर्त त्याच्या गोठ्यात आहे, बैलांच्या झुलींशेजारी खुंटीला गुंडाळून टांगलेली.