चार चमचे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या मिस्त्रींकडे अण्णा आपली बुलेट नेत, त्यांनी सिलिंडर उतरवला, आतून बोट फिरवले आणि म्हणाले, "शेवटच्या मापाला गेलाय. ह्याच्यापुढचा पिस्टन मिळायचा न्हाई." हे २०१३ साल. अण्णांना जाऊन चार वर्षे झाली होती आणि तितकाच काळ गाडी परसातल्या पत्र्याखाली उभी होती.

गाडी १९९३ची, पाचशे सीसीची. पिस्टनचा व्यास ८४ मिलिमीटर, धाव ९०. सिलिंडर झिजला की आतून थोडा कापून गोल करायचा आणि किंचित मोठा पिस्टन बसवायचा, हा जुन्या इंजिनांचा रिवाज. तो अण्णांनी इमानाने पाळला होता आणि आता पाळण्याजोगे काही उरले नव्हते. मार्ग दोन. नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळच्या ८४वर यायचे, किंवा ८७चा नवा सिलिंडर आणि उंच माथ्याचा पिस्टन मागवून इंजिन ५३५ सीसीचे करायचे. रॉयल एन्फील्डने त्याच वर्षी ८७ गुणिले ९० या मापाची कॉन्टिनेन्टल जीटी बाजारात आणली होती. साहजिकच मला दुसरा मार्ग अधिक शास्त्रशुद्ध वाटला. (आपल्याला हवी असलेली गोष्ट नेहमीच अधिक शास्त्रशुद्ध वाटते.)

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. व्यास तीन मिलिमीटरांनी वाढतो, त्यातून मिळतात जेमतेम छत्तीस सीसी, म्हणजे सात टक्के. लोक मिरवतात तो आकडा हाच. खरी करामत पिस्टनच्या माथ्यात असते. मिस्त्रींनी पिस्टन वरच्या टोकाला आणून स्पार्क प्लगच्या भोकातून पिचकारीने मोजून तेल सोडले, तेव्हा वरची पोकळी नव्वद सीसीच्या आसपास भरली. म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण साडेसहा पट दाबले जात होते. नवा फुगीर पिस्टन या पोकळीत वर घुसून ती सत्तरवर आणणार होता. फरक वीस सीसीचा. चहाचे चार चमचे! एवढ्याने दाब साडेआठ पट होतो, आणि ऑटो चक्राच्या पुस्तकी सूत्राप्रमाणे उष्णतेचा कामी येणारा भाग ५३ टक्क्यांवरून साडेसत्तावन्नावर जातो. प्रत्यक्षातले इंजिन याच्या निम्म्यापर्यंतही मुश्किलीने पोचते, पण प्रमाण तेच राहते. एक थेंब जास्त न जाळता नऊ टक्के अधिक काम. या हिशेबाच्या सौंदर्याने मी त्या रात्री खरोखरच भारावून गेलो होतो.

मिस्त्री भारावले नाहीत. "बसंल की," ते म्हणाले, "पर खालचं बूश काय म्हनंल?"

जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी रोलर बेअरिंग नसते, तरंगते बूश असते. तेलाच्या पातळ थरावर फिरणारी एक धातूची कडी. सौम्य दाबाच्या, सावकाश ठोके देणाऱ्या इंजिनासाठी ती योजना अगदी समंजस आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ आणि दाब दोन्ही वाढले की तिच्यावरचा प्रत्येक घाव माझ्या अंदाजाने चाळीसेक टक्क्यांनी जड होतो. हा हिशेबही मी केला होता. तो फक्त त्या कागदाच्या मागच्या बाजूला होता.

काम झाले. क्रँककेसचे तोंड लेथवर थोडे मोठे करावे लागले, ठिणगीची वेळ थोडी मागे घ्यावी लागली. किक मारण्याचा विधी मात्र अण्णांनी शिकवलेलाच: डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन हळूच पुढे न्यायचा, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आला की दांडा पूर्ण वर आणायचा आणि मग सगळे वजन टाकायचे. पूर्वी या क्रमात जराशी चूक झाली तर गाडी फक्त रुसत असे. आता तिने पहिल्याच आठवड्यात अशी उलटी लाथ मारली की पंधरा दिवस घोटा सुजलेला होता. आंबा घाटात जिथे अण्णा तिसरा गिअर टाकत तिथून मी चौथ्यात चढून गेलो, आणि वर पोचल्यावर, कबूल करायला हरकत नाही, मला जिंकल्यासारखे वाटले. कुणाशी स्पर्धा होती हे तेव्हा स्वतःला विचारले नाही.

न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोने १९२० साली घेतलेल्या सहाशे सीसीच्या इंडियन स्काउटचे इंजिन वाढवत वाढवत साडेनऊशेचे केले, पिस्टन घरच्या शेडमध्ये स्वतः ओतले, आणि १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, बॉनेव्हिलच्या मिठागरावर ताशी १८३ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. त्याच्या शेडमध्ये एक फळी होती. तिच्यावर फुटलेले, वितळलेले सुटे भाग मांडलेले आणि लिहिलेले, की हे वेगाच्या देवाला वाहिले. तो चित्रपट (२००५) पाहताना आपण सारे त्या विक्रमाकडे पाहतो. मला अलीकडे ती फळीच आठवते.

दोनेक हजार किलोमीटर झाल्यावर इंजिनाच्या तळातून जड, बोथट ठोका ऐकू येऊ लागला. बूश गेले होते.

इंजिन खोलायला दिले त्या दिवसांत अण्णांची वही काढून बसलो. पेट्रोल, ऑइल, किलोमीटर, अ‍ॅव्हरेज. बाकी काही लिहिण्याची त्यांची वृत्ती नव्हती. १९९८च्या पानावर पेट्रोलच्या दोन नोंदींच्या मधे एक ओळ होती: 'मोठ्या बोअरची चौकशी. मिस्त्री म्हणतात बूश टिकणार नाही. राहू दे.' मी ती पुनःपुन्हा वाचली. जे मी त्यांच्या पुढे जाऊन केले असे समजत होतो, त्याच्या दारापर्यंत ते पंधरा वर्षे आधी जाऊन परत फिरले होते, आणि त्यांना हिशेबासाठी कागदही लागला नव्हता.

थोड्या रागानेच मिस्त्रींना विचारले, अण्णांना नाही म्हणालात, मग मला का बसवून दिलेत?

त्यांनी मान वर केली नाही. "अण्णा रोज कारखान्यावर जायचे ह्या गाडीवर. बंद पडली तर खाडा. तुम्ही रविवारी चालवणार. आणि तुम्ही ऐकणार हुता व्हय?"

ऐकणार नव्हतो. मूळ ८४वर परत जावे असेही मनात येऊन गेले; मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आठवले तर तेच रास्त, कारण आरसी बुकात अजूनही ४९९ सीसीच लिहिलेले आहे आणि मी पत्र्याखालून काढली ती गाडी आणि कागदावरची गाडी आता एक नाहीत. पण मिस्त्रींनी तिसरेच काही काढले. नवे बूश घालून सिलिंडरच्या खाली दीड मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची चकती बसवली. सिलिंडर तेवढा वर उचलला गेला, पोकळीत नऊ सीसी परत आले. दाब साडेसातच्या थोडा वर. चार चमच्यांपैकी जवळजवळ दोन अण्णांना परत केले, असे मी मनाशी म्हटले. मिस्त्रींना म्हणालो नाही.

आंबा घाटात आता तिसरा गिअर टाकावा लागतो, पण अण्णा टाकत त्याच्या दोन वळणे पुढे. वहीत त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली मी एक रेघ सोडून लिहायला सुरुवात केली आहे. अ‍ॅव्हरेज अठ्ठावीस.