पट्टीवरची खूण

गाडी ऑइल खाते म्हणून माणसं गॅरेजवर धावत येतात. ऑइल वाढलं म्हणून इतक्या वर्षांत चार-दोनच आले. त्यातला एक तर हसतच आला होता. "मिस्त्री, माह्या गाडीचं ऑइल तं वाढूनच ऱ्हायलं. पैसेच वाचले ना!"

इंजिनाला ऑइल तयार करता येत नाही. पट्टीवरची पातळी चढली म्हणजे बाहेरचं काहीतरी चेंबरमध्ये आलंय. एकतर पाणी, नाहीतर डिझेल. (किंवा मागच्या वेळी आपल्याच पोऱ्याने जास्त ओतलंय. ते आधी विचारून घ्यावं.) पाणी लपत नाही, ऑइल घुसळल्यासारखं पांढरट होतं. नुसत्या झाकणाखाली साय दिसली तर मात्र लगेच हेड खोलायला निघू नये. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला थंडीत गाडी घर ते बाजार एवढीच फिरली, की इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफेचं पाणी तिथं जमतं. डिझेल मात्र काळ्या ऑइलात दिसत नाही.

जळगाव जामोद तालुक्यात खुणा वाचणं काही नवीन नाही. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या शेतात अठरा धान्यं मांडतात, मधे घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा हलला यावरून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. आमच्या गुरुजींचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास वहीवर.

गुरुजी निवृत्त शिक्षक, मला शाळेत शिकवलेले. त्यांची जुनी डिझेल गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. आठवडाभर जवळपासच्या फेऱ्या आणि रविवारी शेगावला गजानन महाराजांचं दर्शन. निघण्याआधी, थंड इंजिनावर, सपाट जागी ते पट्टी काढत, पुसत, पुन्हा पूर्ण खाली घालत आणि मग बघत. माझी पोरं इतकं नीट करत नाहीत. वहीत सहा महिन्यांचे रविवार होते आणि प्रत्येकापुढे एकच नोंद, 'वरची खूण'.

"बघ, थेंबभर ऑइल खात नाही," गुरुजी म्हणाले.

मी वही पाहिली, मान डोलावली आणि गाडी परत पाठवली. चुकलो ते इथंच. सकाळी चालू करताना गाडी निळसर धूर टाकते, हे मला माहीत होतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. जळतंय तर पातळी उतरायला हवी. उतरत नव्हती, आणि त्याच गोष्टीने मी दचकायला हवं होतं.

मे महिन्यात शेगावहून परतताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. गाडी गॅरेजवर आली. पट्टी काढली तर पातळी खुणेवर, पण थेंब पाण्यासारखा ओघळला. चिमटीत धरून बोटं फाकवली. पाकाची तार तुटावी तशी ती लगेच तुटली. वास घेतला. मग जुन्या पेपरवर एक थेंब टाकला आणि चहा प्यायला गेलो. येऊन पाहतो तर मधे काळा ठिपका, आणि त्याच्याभोवती फिकट तेलकट कडं लांबवर पसरलेलं. डिझेलच!

आता ते कुठून येतंय? नोझल ठिबकत असतील तर धूर आणि आवाज बदलतो, ते तपासलं. पंप टायमिंग गिअरवर बसवलेला असला तर त्याचं सीलही आत गळू शकतं. या गाडीत दोष निघाला फीड पंपात. त्याच्या पोटातला रबरी पडदा चिरला होता. असा पडदा फाटला तर डिझेल बाहेर सांडून आपल्याला कळावं म्हणून पंपाच्या अंगाला बारीक भोक ठेवलेलं असतं. ते धूळ, ग्रीस आणि कपाशीच्या तंतूंनी गच्च बुजलं होतं. मग डिझेल जाणार कुठं? चेंबरमध्ये. रिंगा झिजलेल्या, म्हणून वर ऑइल जळायचं आणि खालून तेवढंच डिझेल भरायचं. हिशेब बरोबर जुळत होता.

पेट्रोल मिसळलं असतं तर लांबच्या फेरीत तापून बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल तसं सहजी उडत नाही. आणि रिंगा थोड्या बऱ्या असत्या तर पातळी चढत गेली असती, ते आणखी वाईट. चेंबर जास्त भरलं की ऑइल ब्रीदरमधून हवेच्या पाइपात जातं आणि डिझेल इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं. चावी काढून खिशात टाकली तरी थांबत नाही. माझ्या उस्तादांनी एकदा अशी गाडी वरचा गिअर टाकून, ब्रेक गच्च दाबून, क्लच सोडून बंद पाडली होती. तो आवाज अजून कानात आहे.

गुरुजींचं चेंबर खोललं. बेअरिंगचा वरचा थर घासून तांब्याचा रंग उघडा पडला होता. बेअरिंग, पंप, फिल्टर, ऑइल सगळं बदललं. मजुरी घ्यायला तोंड नव्हतं. रिंगांचा खर्च मोठा, तो त्यांनी पुढे ढकलला.

तीन आठवड्यांनी गुरुजी वही घेऊन आले, चेहरा पडलेला.

"अरे, तुझ्याकडून काम करून घेतलं अन् आता ही ऑइल खायला लागली!"

सहा महिन्यांच्या त्या एकसारख्या नोंदींखाली लाल शाईने एकच शब्द होता, 'घट'. मी अर्धा लिटरचा डबा फोडला.